तीन फुटांचे चार फूट: महासाथीत नेटबॉल कसं खेळवलं गेलं

नेटबॉलमध्ये जिच्या हातात चेंडू आहे तिला अडवणारीने तिच्यापासून किमान तीन फूट, म्हणजे ०.९ मीटर लांब उभं राहायचं असतं. चेंडूवाली तीन सेकंदांच्या आत पास देणार किंवा गोलवर मारणार, आणि अडवणारी त्या तीन फुटांवरून हात पसरून, पुढे झुकून तिचा अंदाज चुकवायला बघणार. सगळ्या खेळाची चुरस त्या तीन फुटांत असते. २०२० मध्ये इंग्लंडच्या नेटबॉल संघटनेने सरकारकडे खेळ पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली, तेव्हा हे अंतर चार फूट करून दाखवलं.

एका फुटाने काय साधणार होतं? त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये दोन मीटरच्या अंतराची अट सैल होऊन 'एक मीटरहून अधिक' अशी झाली होती. संपर्क शोधणारी यंत्रणाही माणसं मोजताना एक मीटरच्या आत मिनिटभर कोण होतं, आणि दोन मीटरच्या आत एकूण १५ मिनिटं कोण होतं, हे विचारत असे. तीन फूट म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. चार फूट म्हणजे १२२. एका फुटाने खेळ मीटरच्या रेषेपलीकडे गेला. अर्थात अंतर पायांचं मोजतात, तोंडांचं नाही, आणि चार फुटांवरून झुकणारी मुलगी नाकाने तेवढी लांब राहत नाही. तरीही ज्या कागदावर मंजुरीची सही व्हायची होती, त्या कागदाच्या हिशोबात हा एक फूट फार मोलाचा होता.

आपल्याकडे शालेय जिल्हा स्पर्धांमुळे नेटबॉल पुष्कळांनी पाहिलेलं असतं, पण बास्केटबॉलचा धाकटा भाऊ एवढीच त्याची ओळख असते. महासाथीत स्पर्धा कशा चालल्या हे समजायला या खेळाची एक गोष्ट नीट माहीत असावी लागते. इथे प्रत्येक खेळाडूच्या छातीवरच्या बिबवर तिच्या जागेची अक्षरं असतात आणि ती जागा सोडून तिला हिंडता येत नाही. साडेतीस मीटर लांब आणि सव्वापंधरा मीटर रुंद मैदानाचे तीन समान भाग असतात. गोल शूटर फक्त समोरच्या, म्हणजे आपण जिथे गोल करतो त्या भागात राहते. गोल कीपर फक्त आपल्या बचावाच्या भागात. मधल्या भागात या दोघींना मज्जाव. गोलच्या खांबाभोवती ४.९ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ असतं, त्यात फक्त चौघी येऊ शकतात: एका संघाच्या गोल शूटर आणि गोल अटॅक, दुसऱ्या संघाच्या गोल कीपर आणि गोल डिफेन्स. सेंटर सगळीकडे फिरते, पण त्या अर्धवर्तुळात तिलाही प्रवेश नाही.

आता हाच नकाशा साथरोगाच्या नजरेने वाचा. फुटबॉलमध्ये बावीसजणांपैकी कोण कोणाच्या किती जवळ गेलं हे सांगायला चित्रीकरण तपासावं लागतं. नेटबॉलमध्ये ते नियमातच लिहिलेलं आहे. आपली गोल शूटर आणि समोरच्या संघाची गोल शूटर अख्ख्या सामन्यात मैदानाच्या दोन टोकांना असतात. समोरच्या संघाच्या चढाईतल्या बाकीच्या दोघी, गोल अटॅक आणि विंग अटॅक, यांनाही आपल्या गोल शूटरच्या भागात यायची परवानगी नाही. म्हणजे सात प्रतिस्पर्ध्यांपैकी तिघींशी तिचा संबंध जवळजवळ शून्य. तिचा खरा वेळ जातो तो एकीबरोबर, समोरच्या गोल कीपरबरोबर. अशा जोड्या ठरलेल्या असल्यामुळे कोणाचा धोका कुठे साठतो हे आधी सांगता येतं, आणि जे आधी सांगता येतं ते नियमाने कमीही करता येतं.

इंग्लंडमधल्या दुरुस्त्या नेमक्या त्या जोड्यांवर बोट ठेवणाऱ्या होत्या. पहिली वर सांगितलेली, चार फुटांची. दुसरी मला जास्त हुशारीची वाटते. चेंडू दुसऱ्या टोकाला असतो तेव्हा इकडच्या टोकाला गोल शूटर आणि गोल कीपर खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, एकमेकींना ढकलत, जागा राखत, कधी चक्क गप्पा मारत. खेळाच्या निकालावर या वेळाचा काहीच परिणाम नाही, पण जवळिकीची मिनिटं मोजायला बसलं तर सर्वांत मोठा वाटा त्यांचाच निघतो. म्हणून चेंडू लांब असताना उगाच चिकटून उभं राहणं बंद केलं गेलं. तिसरी दुरुस्ती सुरुवातीच्या क्षणाची. प्रत्येक गोलनंतर खेळ मधल्या वर्तुळातून सेंटर पासने नव्याने सुरू होतो, आणि शिट्टी वाजायच्या आधी रेषेपाशी विंग अटॅक, गोल अटॅक आणि त्यांना अडवणाऱ्या दोघी कोपराने जागा मिळवत असतात. वरच्या पातळीवरच्या सामन्यात असे सेंटर पास शंभराच्या घरात होतात. दरवेळी चार-पाच सेकंद धरले तरी बेरीज मिनिटांत जाते. तिथेही चार फूट अंतर लागू झालं.

या तिन्हींमध्ये खेळाचा गाभा शाबूत राहिला. पास तसेच, धाव तशीच, गोल तसाच. बचाव करणाऱ्यांनी मात्र कुरकुर केली असणार आणि ती रास्त होती, कारण बारा इंच मागे सरकलं की उंच गोल शूटरचा चेंडू अडवणं जवळपास अशक्य होतं. गोलांचा आकडा वाढला म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही, एवढाच त्यावर युक्तिवाद.

मैदानावरचं हे झालं. स्पर्धा म्हटली की मैदान हा तिचा सोपा भाग. अवघड असतं ते वेळापत्रक.

साखळी स्पर्धेचं वेळापत्रक आखायची जुनी रीत संगीत खुर्चीसारखी आहे, फक्त एक खुर्ची हलत नाही. सहा संघ असतील तर एक नंबरला जागेवर बसवायचं आणि बाकीच्या पाचांना दर फेरीला एकेक घर पुढे सरकवायचं. पहिली फेरी १-६, २-५, ३-४. दुसरी १-५, ६-४, २-३. तिसरी १-४, ५-३, ६-२. चौथी १-३, ४-२, ५-६. पाचवी १-२, ३-६, ४-५. पाच फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. दुहेरी साखळी असेल तर हेच पुन्हा एकदा, मैदानं उलटी करून.

समजा चौथ्या फेरीच्या आदल्या दिवशी सहा नंबरच्या संघातली एक मुलगी बाधित निघाली आणि संघ दोन आठवडे घरात बसला. चौथ्या फेरीत पाच नंबरला प्रतिस्पर्धी नाही, पाचव्या फेरीत तीन नंबरला. म्हणजे आजारी एक संघ, अडकलेले तीन. बाकी संघ एकाच शहरात असतील तर मधल्या वारी तीन विरुद्ध पाच हा परतीचा सामना आधीच उरकून घेता येतो. पुढे तिसऱ्या फेरीच्या परतीला त्या दोघांचा दिवस मोकळा राहतो आणि त्यांच्यावरचा ताण वाढत नाही. सहा नंबरची गोष्ट वेगळी. त्यांचे दोन सामने राहिलेले, हातातला वेळ दोन आठवड्यांनी कमी झालेला आणि मुली चौदा दिवस खोलीत पायऱ्यांचे व्यायाम करून आलेल्या. अशा संघाला आठवड्यात तीन सामने खेळायला लावलं की विषाणूने न दिलेली दुखापत गुडघा देतो. नेटबॉलमध्ये धावत येऊन चेंडू पकडला की जागच्या जागी थांबावं लागतं, दुसरं पाऊल टाकायला फारशी मुभा नाही, त्यामुळे गुडघ्याचे स्नायुबंध हा या खेळाचा कायमचा दुखरा भाग आहे. म्हणून महासाथीतलं चांगलं वेळापत्रक म्हणजे सगळे दिवस भरलेलं वेळापत्रक नव्हे. मुद्दाम रिकामे ठेवलेले दिवस ही त्यातली खरी कारागिरी असते.

हे रिकामे दिवस कधीकधी आपोआपही मिळतात. इंग्लंडच्या सुपरलीगमध्ये २०२१ साली लीड्स ऱ्हायनोज हा नवा संघ आला आणि संघ अकरा झाले. विषम संख्या झाली की दर फेरीला एका संघाला बाय, म्हणजे सामन्याविना सुट्टी, द्यावा लागतो. एरवी आयोजक बायला शिव्या देतात. पुढे ढकललेला सामना टाकायला जागा शोधताना तोच कामी येतो.

ऑस्ट्रेलियाच्या सुपर नेटबॉल लीगकडे २०२० मध्ये रिकामे दिवस नव्हते. आठ संघ, दुहेरी साखळीच्या १४ फेऱ्या, म्हणजे ५६ सामने, वर बाद फेरीचे चार, एकूण ६०. हंगाम मे महिन्याच्या सुरुवातीला सुरू व्हायचा होता, तो १ ऑगस्टला सुरू झाला आणि १८ ऑक्टोबरला संपला. कॅलेंडरवर हे बारा शनिवार-रविवार होतात. बाद फेरीचे आठवडे बाजूला काढले तर १४ फेऱ्यांना सुमारे नऊ आठवडे उरतात. म्हणजे दर आठवड्याला दीड फेरी. आठवड्याच्या मधल्या वारीही सामने ठेवल्याशिवाय हे बसत नाही, आणि मधल्या वारी सामना खेळून शनिवारी दुसऱ्या राज्यात जायचं हे राज्यांच्या सीमा बंद असताना शक्यच नाही. उत्तर एकच उरलं: सगळ्यांना एका राज्यात न्यायचं. बहुतेक हंगाम क्वीन्सलँडमध्ये झाला. ब्रिस्बेनच्या आसपास मुक्काम आणि काही फेऱ्या उत्तरेला केर्न्समध्ये.

बायो-बबल हा शब्द आपल्याला आयपीएलने शिकवला. त्याच वर्षी ती सप्टेंबरमध्ये अमिरातीत गेली, आणि २०२१ मध्ये देशातल्या देशात शहरं बदलत खेळवायला गेल्यावर मेच्या सुरुवातीला अर्ध्यावर थांबवावी लागली. ऑस्ट्रेलियातलं नेटबॉलचं हे केंद्र त्या मानाने ढिलं होतं, कारण क्वीन्सलँडमध्ये त्या वेळी साथच जवळजवळ नव्हती. तिथे भिंत हॉटेलभोवती नव्हती, राज्याभोवती होती. मेलबर्नमध्ये दुसरी लाट उसळत होती तेव्हा व्हिक्सन्स आणि कॉलिंगवूड मॅगपाइज हे तिथले दोन्ही संघ निघून क्वीन्सलँडला आले. घरी कडक लॉकडाउन, आणि आपण दीड-दोन हजार किलोमीटरवर उन्हात सराव करतोय, असा तो विचित्र हंगाम त्या मुलींनी काढला. अंतिम सामना ब्रिस्बेनच्या निसान अरीनात झाला आणि व्हिक्सन्सनी वेस्ट कोस्ट फीव्हरला ६६-६४ असं हरवून चषक जिंकला. मेलबर्नमध्ये तेव्हा त्यांना मिरवणूक काढायलाही रस्ता मोकळा नव्हता.

याच हंगामात आयोजकांनी आणखी एक प्रयोग केला आणि तो महासाथीच्या नावाखाली खपवला गेला, असं माझं मत आहे. प्रत्येक सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत अर्धवर्तुळाच्या आतल्याच, कडेच्या १.९ मीटरच्या पट्ट्यातून केलेल्या गोलला दोन गुण. याला सुपर शॉट म्हणतात. घोषणा झाली तेव्हा हंगामाला जेमतेम दीड महिना उरला होता आणि खेळाडूंच्या संघटनेने आम्हाला विचारलं नाही म्हणून जाहीर नाराजी व्यक्त केली. प्रेक्षकांची खात्री नाही, टीव्हीवरच सगळं अवलंबून, मग टीव्हीला चटपटीत काहीतरी द्यावं, हा हिशोब समजू शकतो. पण घरापासून तुटलेल्या, महिनोन् महिने जोडीने सराव न केलेल्या गोल शूटरला लांबून मारायचं नवं तंत्र त्याच हंगामात शिकायला लावणं हे काही रोगप्रतिबंधक पाऊल नव्हतं. अमर्याद बदली खेळाडूंची मुभा मात्र उपयोगाची ठरली. आठवड्यात दोन सामने खेळायचे तर दम लागलेल्या मुलीला मध्येच बाहेर बोलावून पुन्हा आत पाठवता यायलाच हवं.

न्यूझीलंडने वेगळा मार्ग धरला. तिथली एएनझेड प्रीमियरशिप १५ मार्च २०२० ला सुरू झाली आणि पहिल्याच फेरीनंतर थांबली. देश २५ मार्चला चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक पातळीच्या लॉकडाउनमध्ये गेला आणि जूनच्या सुरुवातीला पहिल्या पातळीवर आला. १९ जूनला लीग पुन्हा सुरू झाली ती ऑकलंडच्या नेटबॉल केंद्रात, सहाही संघ एका छताखाली. पण सत्रं १५ मिनिटांऐवजी १२ मिनिटांची. तीन मिनिटं कमी करण्यात काय मोठं, असं वाटेल. चार सत्रांची मिळून १२ मिनिटं, म्हणजे सामन्याचा पाचवा हिस्सा. एकाच मैदानावर ओळीने सामने लावायचे, मध्ये बाके, खांब, चेंडू पुसायचे, एक संघ पूर्ण बाहेर पडल्यावर दुसऱ्याने आत यायचं, आणि त्याच संघाला दोन दिवसांनी पुन्हा खेळवायचं, तर ती १२ मिनिटं सोन्याची होतात. मला हा उपाय सुपर शॉटपेक्षा प्रामाणिक वाटतो. खेळ तोच ठेवला, फक्त मापाने कमी वाढला. ऑगस्टमध्ये ऑकलंड पुन्हा तिसऱ्या पातळीवर गेलं तेव्हा हंगाम संपत आला होता. विजेतेपद सेंट्रल पल्सने राखलं.

आंतरराष्ट्रीय सामन्यांचं गणित तर आणखीच उलटं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा संघ न्यूझीलंडला गेला, १४ दिवस सरकारी देखरेखीखालच्या विलगीकरणात राहिला आणि हॅमिल्टनला तीन सामने खेळून तिन्ही हरून परतला. वर्षभरानंतर क्राइस्टचर्चला रिकाम्या स्टेडियममध्ये त्याच इंग्लंडने २-१ ने मालिका जिंकली, न्यूझीलंडच्या भूमीवर पहिल्यांदाच. बघायला कोणी नव्हतं. फिजीत २०२१ साठी ठरलेला युवा विश्वचषक रद्दच झाला. जिथे वीसेक देशांतून एकवीस वर्षांखालच्या मुली आणायच्या असतात तिथे बबल, १२ मिनिटांची सत्रं, रिकामे दिवस, यांतलं काहीच पुरत नाही.

स्पर्धा अर्ध्यावर तुटली तर निकाल कसा लावायचा, हा सर्वांत कडवट प्रश्न. इथे एकाच देशात एकाच वसंतात दोन वेगळी उत्तरं दिली गेली. इंग्लंडची महिला फुटबॉल सुपरलीग थांबली तेव्हा मँचेस्टर सिटीचे १६ सामन्यांत ४० गुण होते आणि चेल्सीचे १५ सामन्यांत ३९. एकूण गुण पाहिले तर सिटी पुढे. सामन्यामागे सरासरी काढली तर चेल्सी २.६ आणि सिटी २.५. सरासरी धरली गेली आणि चषक चेल्सीला मिळाला. त्याच वेळी नेटबॉलच्या सुपरलीगने हंगाम रद्द केला आणि कोणालाच विजेता ठरवलं नाही.

दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते असं मी म्हणेन. सरासरीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: राहिलेले सामने झालेल्या सामन्यांसारखेच गेले असते. बावीसपैकी पंधरा-सोळा सामने झाले असतील तर हे गृहीतक तग धरतं, कारण जवळपास सगळे तगडे आणि लिंबूटिंबू प्रतिस्पर्धी एकदा तरी वाट्याला येऊन गेलेले असतात. नेटबॉलचा हंगाम फेब्रुवारीअखेर सुरू होऊन मार्चमध्ये थांबला होता. तेवढ्या फेऱ्यांत ज्याच्या वाट्याला तीन कमजोर संघ आले तो शिखरावर, आणि ज्याची गाठ आधीच बलाढ्यांशी पडली तो तळाला. त्या तक्त्याची सरासरी काढणं म्हणजे चिठ्ठ्या टाकून चषक देणं. पण खरा धडा गावोगावच्या लीगच्या चिटणिसांसाठी आहे. किती टक्के सामने झाले तर निकाल लागेल, सरासरी धरायची की गोलांचं गुणोत्तर, बढती-पदावनती होणार की नाही, हे पहिली शिट्टी वाजायच्या आधी लिहून सगळ्या संघांच्या सह्या घ्यायच्या. तक्ता तयार झाल्यावर ठरवलेला कोणताही नियम कोणाच्या तरी पथ्यावर पडतो आणि मग तो नियम राहत नाही, पक्षपात होतो.

न खेळलेल्या सामन्याचंही तसंच. एरवी संघ आला नाही तर समोरच्याला वॉकओव्हर मिळतो, ठरावीक गोलांनी विजय धरला जातो. महासाथीत हा नियम तसाच ठेवला तर ताप लपवून खेळायला उतरणारा संघ फायद्यात आणि प्रामाणिकपणे घरी बसलेला तोट्यात जातो. म्हणून आरोग्याच्या कारणाने न झालेल्या सामन्याला वेगळा रकाना लागतो: आधी पुढे ढकलायचा, ठरलेल्या तारखेपर्यंत नाही जमला तर गुण वाटून द्यायचे, दंड कोणालाच नाही. संघात सात जणी निरोगी उरल्या तर खेळलंच पाहिजे का, हेही आधी ठरलेलं बरं. नेटबॉल पाच जणींनीसुद्धा सुरू करता येतं, पण ज्या संघाच्या दोन्ही गोल शूटर घरी आहेत तो सात जणी उतरवूनही गोल कोणाकडून करून घेणार?

वरच्या लीगची चर्चा होते, पण हा खेळ खरा जगतो तो शनिवारच्या डांबरी मैदानांवर. सिडनी, मेलबर्न, ऑकलंडच्या उपनगरांत एकाच आवारात दहा-वीस मैदानं आखलेली असतात आणि सकाळपासून वयोगटानुसार पोरींचे सामने लागलेले असतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलीही त्यांत असतात, आणि बाजूला थर्मास घेऊन उभे असलेले आईबाबा. एका तासाला वीस मैदानं म्हणजे चाळीस संघ, पालकांसह हजार माणसं. पुढच्या तासाचे चाळीस संघ आधीच आलेले असतात. महासाथीत धोक्याची जागा मैदान नव्हती, हा दोन तासांमधला सांधा होता. ऑस्ट्रेलियाच्या क्रीडा संस्थेने मे २०२० मध्ये खेळ टप्प्याटप्प्याने सुरू करायचा आराखडा दिला, त्याचं सूत्रच असं होतं की या, सराव करा, निघा. ड्रेसिंग रूम नाही, सामन्यानंतरचा चहा-नाश्ता नाही. त्यातल्या अ पातळीत एकटीने सराव, ब पातळीत दहाच्या आतल्या गटात एकमेकींना न भिडता पास देणं, आणि क पातळीत पूर्ण सामना.

प्रत्यक्षात लीगच्या चिटणिसाने काय केलं पाहिजे होतं? सामन्यांच्या वेळांमध्ये वीसेक मिनिटांची फट ठेवायची आणि आत यायचं फाटक एक, बाहेर जायचं दुसरं. दोन शेजारच्या मैदानांपैकी एक रिकामं ठेवायचं, म्हणजे बाजूच्या रेषेवरची गर्दी पाठीला पाठ लावून उभी राहत नाही. हजेरीपट आधीच भरून घ्यायचा. इंग्लंडमध्ये ही यादी २१ दिवस जपून ठेवायला सांगितलं होतं आणि दर क्लबात एक कोविड अधिकारी नेमावा लागत होता. हे अधिकारपद म्हणजे बहुतेक ठिकाणी एखाद्या खेळाडूची आईच. हातात सॅनिटायझरची बाटली, खिशात यादी, आणि तोंडावर पट्टी असतानाही ओरडून सांगायची ताकद.

बिबचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो मोठा होता. संघाकडे बिबचा एकच संच असतो. वेल्क्रोची पट्टी लावलेली ती अक्षरं सत्रागणिक एकीच्या घामट अंगावरून दुसरीच्या अंगावर जातात, कारण प्रशिक्षक दर सत्राला जागा बदलतात. लहान गटांत तर प्रत्येकीला सगळ्या जागा खेळायला मिळाव्यात म्हणून हे मुद्दाम केलं जातं. साथीत एक तर बदल थांबवायचे, नाहीतर दोन संच धुऊन आणायचे. लहान मुलींच्या गटात बदल थांबवणं म्हणजे उंच पोरगी कायम गोलखाली आणि बुटकी कायम विंगवर, जे शिकायच्या वयात वाईटच. दुसरा संच विकत घेणं हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. चेंडूचं सोपं होतं: दोन चेंडू ठेवायचे, एक खेळात, एक पुसून तयार, आणि दर सत्राला अदलाबदल.

परवानगीच्या तारखा मात्र कोणाच्याच हातात नव्हत्या. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२१ मध्ये तिसरं लॉकडाउन लागलं आणि सगळी मैदानं बंद झाली, पण वरच्या पातळीचा खेळ चालू ठेवायला सूट होती. म्हणून १२ फेब्रुवारीला सुपरलीग प्रेक्षकांविना वेकफील्डच्या एका स्टुडिओत सुरू झाली. ज्या मुली टीव्हीवर हे सामने बघत होत्या त्यांना स्वतःला शेजारच्या पार्कात पाच जणींत चेंडू खेळायची मुभा नव्हती. बाहेरच्या मैदानावरचा खेळ २९ मार्चला उघडला, मोठ्यांचा बंद हॉलमधला १७ मेला. म्हणजे ज्या क्लबांकडे स्वतःचं बाहेरचं मैदान होतं त्यांना सात आठवडे आधी सराव मिळाला, आणि जे शाळेच्या हॉलवर अवलंबून होते ते वाट बघत बसले. जूनमध्ये लफबरो लाइटनिंगने टीम बाथला हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं.

ऑस्ट्रेलियात दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त धावपळ झाली. २०२१ मध्ये लीग पुन्हा सगळीकडे फिरती ठेवली होती, आणि जूनअखेर सिडनी बंद झालं तेव्हा तिथल्या स्विफ्ट्स आणि जायंट्स या दोन्ही संघांना बॅगा भरून निघावं लागलं. दोन्ही संघ अंतिम फेरीत पोहोचले. सिडनीच्या दोन संघांतला हा अंतिम सामना २८ ऑगस्टला ९०० किलोमीटर दूर ब्रिस्बेनला खेळवला गेला आणि स्विफ्ट्सनी तो ६३-५९ असा जिंकला. साथ संपली, इंग्लंडमध्ये चार फुटांचे पुन्हा तीन फूट झाले. सुपर शॉट मात्र ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये राहिला.